हलाल कमाई: तराजू, मजुरी आणि वही

मांस घेताना आपण विचारतो, हलाल आहे ना? बिस्किटाच्या पुड्यावरची बारीक अक्षरं वाचतो, जिलेटिन कशाचं आहे ते शोधतो. ते बरोबरच आहे. पण ज्या पैशाने ते मांस आणि ती बिस्किटं घरात आली, तो पैसा कुठल्या वाटेने आला हा प्रश्न घरात क्वचितच निघतो. फिकहच्या ग्रंथांत मात्र या प्रश्नाला भरपूर जागा दिली आहे. खरेदी-विक्री, भागीदारी, मजुरी, गहाण, वकालत, अमानत अशी प्रकरणंच्या प्रकरणं आहेत. प्रेषित मुहम्मद (स.) स्वतः व्यापार करत होते. हजरत खदीजा (र.) यांचा माल घेऊन ते शाम देशाला गेले होते. त्यामुळे बाजारातल्या खाचाखोचा या धर्मात पहिल्यापासून चर्चेत आहेत.

आपल्याकडच्या दुकानात, बागेत, कारखान्यात आणि ऑफिसात रोज दिसणाऱ्या काही पद्धती शरीअतमध्ये आणि देशाच्या कायद्यात कुठे बसतात, ते इथे पाहू. त्याआधी एका वाक्याचा निकाल लावायला हवा: "सगळेच असं करतात." फिकहमध्ये याला उर्फ म्हणतात, म्हणजे रिवाज. रिवाजाला खरंच किंमत आहे. हमाली कोणी द्यायची, माल घरपोच द्यायचा की नाही, सुतळीचे पैसे कोणाचे, असं जे सौद्यात बोललं गेलं नाही ते रिवाजाने ठरतं. पण कुरआन किंवा हदीसमध्ये जे स्पष्ट मना आहे, ते हजार दुकानांत चाललं तरी रिवाजाने जायज होत नाही.

तराजू आणि माल

कुरआनची ८३ वी सूरह, अल-मुतफ्फिफीन, मापात मारणाऱ्यांच्या नावानेच ओळखली जाते. स्वतः घेताना पुरेपूर मोजून घेणारे आणि दुसऱ्याला देताना कमी देणारे, यांना तिच्या सुरुवातीलाच ताकीद आहे. हजरत शुऐब (अ.) यांच्या मदयन कौमचा किस्सा कुरआनात एकाहून अधिक ठिकाणी आला आहे आणि त्यात मापाचा उल्लेख वारंवार येतो. उलट बाजूने, वजन करताना थोडं झुकतं द्या अशी सूचना अबू दाऊद आणि तिर्मिजी यांच्या संग्रहांत मिळते. आपल्या भाजीवाल्या मावशी शेवटी मूठभर कोथिंबीर टाकतात, ते याच्याच जवळ जाणारं आहे.

आता लोखंडी वजनं पोकळ करण्याचे दिवस गेले. आजची चोरी बहुतेक पुठ्ठ्याची असते. मिठाईचा डबा मिठाईसोबत तोलायचा आणि मिठाईच्या भावाने त्याचे पैसे घ्यायचे, ही पद्धत इतकी रुळली आहे की गिऱ्हाईकही बोलत नाही. वैधमापन कायदा, २००९ प्रमाणे विकायचं ते निव्वळ वजन. इलेक्ट्रॉनिक काटा दर वर्षी तपासून त्यावर शिक्का घ्यावा लागतो. ईदच्या आदल्या रात्री शीरखुर्म्याचा सुकामेवा घेताना काट्यावर आधी रिकामी पिशवी ठेवून आकडा शून्य करायला सांगा. दुकानदार आपलाच आहे म्हणून लाजू नका.

मालातला दोष लपवण्याबद्दलची हदीस सर्वांना माहीत आहे. प्रेषितांनी (स.) बाजारात धान्याच्या ढिगात हात घातला, आत ओल लागली. पावसाने भिजलं असं दुकानदार म्हणाला, तेव्हा भिजलेलं वर का ठेवलं नाहीस, लोकांना दिसलं असतं, असं त्यांनी विचारलं आणि फसवणाऱ्याशी आपलं नातं नाही असं सांगितलं (सहीह मुस्लिम). लक्षात घ्या, भिजलेलं धान्य विकूच नका असं इथे म्हटलेलं नाही. दोष दिसू द्या आणि मग विका. इमाम अबू हनीफा कूफा शहरात कापडाचा व्यापार करत. त्यांच्या भागीदाराने एक दोष असलेला ठाण न सांगता विकला, गिऱ्हाईक सापडेना, तेव्हा इमामांनी त्या विक्रीची सगळी रक्कम सदका करून टाकली, असं त्यांच्या चरित्रकारांनी नोंदवलं आहे.

"विकलेला माल परत घेतला जाणार नाही" ही पाटी आपल्या गल्लीत दर दुसऱ्या दुकानावर आहे. गिऱ्हाइकाचं फक्त मन बदललं असेल तर दुकानदार बांधील नाही. तरी परत घेतलं तर त्याला सवाब आहे. पण माल सदोष निघाला तर पाटी कामाची नाही. लपलेला दोष सापडल्यावर सौदा मोडण्याचा हक्क फिकहमध्ये गिऱ्हाइकाला आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ ही तेच म्हणतो: बिलावर लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिली नसेल तर ३० दिवसांत, सदोष माल परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे.

मोहोर आला की सौदा

कोकणातल्या वाचकांसाठी हा भाग महत्त्वाचा. आंब्याची बाग व्यापाऱ्याला कराराने द्यायची, तीही मोहोर दिसायच्या आधी, कधी तीन-तीन, पाच-पाच वर्षांसाठी, हा सर्रास चालणारा व्यवहार आहे. बागवाल्याला एकरकमी पैसा मिळतो, लेकीचं लग्न उरकतं, घराचं छप्पर होतं. पण फळ खाण्याजोगं दिसू लागेपर्यंत ते विकायला हदीसमध्ये मनाई आहे (बुखारी, मुस्लिम), आणि पुढच्या अनेक वर्षांचं फळ आजच विकायलाही (मुस्लिम). कारण हदीसमध्येच आलं आहे: फळ आलंच नाही तर भावाचा पैसा कोणत्या हक्काने घेतलास? मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ आलं तेव्हा झाडावरचा आंबा एका रात्रीत जमिनीवर आला. ज्यांनी आगाऊ पैसे मोजले होते ते बुडाले, ज्यांनी घेतले होते ते वाचले. अशा आपत्तीत नुकसान बागवाल्याने सोडून द्यावं अशी हदीस आहे. इमाम मालिक यांच्या मते एक तृतीयांश किंवा त्याहून जास्त फळ गेलं तर ते बंधनकारक आहे. इमाम शाफई यांच्या नंतरच्या मतानुसार बंधनकारक नाही, पण चांगलं आहे.

मग बागवाल्याने करायचं काय? एक वाट खैबरची आहे. प्रेषितांनी (स.) तिथल्या बागा निम्म्या उत्पन्नाच्या बोलीवर कसणाऱ्यांकडे दिल्या. झाडं मालकाची, मेहनत कसणाऱ्याची, येईल ते ठरल्या हिश्श्याने. याला मुसाकात म्हणतात. कोकणी मुस्लिम बहुतेक शाफई आहेत आणि शाफई मजहबात ही सवलत खजूर आणि द्राक्षापुरती की सर्व फळझाडांना, यावर मतभेद आहे. तेव्हा करार करण्याआधी गावातल्या आलिमांना विचारून घ्यावं. दुसरी सोपी वाट म्हणजे फळ धरून त्याची वाढ दिसू लागल्यावर सौदा करणं. भाव थोडा कमी-जास्त होईल, पण दोघांनाही कळतं की आपण काय विकतोय आणि काय घेतोय.

आंब्याचंच आणखी एक. हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांसाठी. कर्नाटकातला आंबा वाईट नसतो, गोडही असतो. पण तो देवगडच्या पेटीत भरून देवगडच्या भावाने विकणं म्हणजे तीच ओल्या धान्याची गोष्ट. कॅल्शियम कार्बाइड लावून फळ पिकवायला देशात बंदी आहे.

मजुरी

मजुराचा घाम सुकायच्या आत त्याची मजुरी द्या, ही हदीस (इब्न माजा) आपल्या जलशांत फार ऐकायला मिळते. तिच्याइतकी ऐकायला मिळत नाही ती बुखारीतली. पूर्ण काम करून घेऊन मजुरी न देणारा मालक हा कयामतच्या दिवशी ज्यांच्याविरुद्ध स्वतः अल्लाह उभा राहील अशा तिघांपैकी एक आहे, असं तिच्यात येतं. मजूर मुस्लिम असावा अशी अट त्यात कुठेच नाही.

प्रत्यक्षात काय होतं? बेकरी, गॅरेज, शिलाईचे कारखाने, यंत्रमाग, हॉटेल. "पगार दहाला बघू", मग "पंधराला", मग "पार्टीचं पेमेंट आलं की". मालकाची अडचण खरी असू शकते, पण पार्टीशी सौदा मालकाचा आहे. कारागिराने उधारीवर काम करायचं कबूल केलेलं नव्हतं. वेतन संहिता, २०१९ प्रमाणे महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत, आठवड्याचा पगार सुट्टीच्या आधीच्या शेवटच्या दिवशी, आणि काम सोडलेल्या किंवा काढलेल्या माणसाचा हिशेब दोन कामाच्या दिवसांत द्यायचा असतो. काम सोडून जाणाऱ्याचा मागचा पंधरवडा बुडवायचा, हा आपल्याकडचा जुना खेळ आहे. तो कायद्यातही बसत नाही, दीनमध्येही नाही.

उचलीचं प्रकरण यापेक्षा नाजूक आहे. कारागिराच्या घरी आजारपण आलं, शेठने २० हजार दिले, हे कर्ज-ए-हसना आहे आणि फार मोठं काम आहे. पण "उचल फिटेपर्यंत दुसरीकडे जायचं नाही" किंवा "उचल आहे म्हणून रोज कमी" अशी अट घातली की कर्जाचा फायदा मालक घेऊ लागतो. कर्जावर ठरवून घेतलेला फायदा हा व्याजाच्या घरात जातो, असं फुकहा सांगतात. आणि माणसाला उचलीने बांधून ठेवणं वेठबिगार पद्धती निर्मूलन कायदा, १९७६ खाली गुन्हा आहे. उचल वेगळ्या पानावर लिहावी, हप्ता वेगळा कापावा, रोजाचा दर बाजारभावाचाच ठेवावा. एवढं केलं की झालं.

रमजानमध्ये आणखी एक गल्लत होते. मालक स्वतःच्या जकातीतून कामगाराला पैसे देतो आणि मनात म्हणतो, चला, बोनसही झाला. कामगार जकातीला पात्र असेल तर त्याला जकात देता येते. पण ती मजुरीच्या, ठरलेल्या बोनसच्या किंवा जादा कामाच्या बदल्यात चालत नाही. ज्यावर त्याचा आधीच हक्क आहे ते जकातीच्या नावाने दिलं तर त्या रकमेपुरती जकात मालकाच्या मानेवर राहते आणि ती पुन्हा काढावी लागते. तसंच पीएफचं. कामगाराच्या पगारातून कापलेली रक्कम ही त्याची अमानत आहे. ती भरली नाही तर भारतीय कायद्यातही तो विश्वासघाताचा गुन्हा धरला जातो.

नोकरी करणाऱ्याचीही बाजू आहे. ठरलेला वेळ मालकाचा असतो. फर्ज नमाज आणि तिच्या सुन्नतींना लागणारा वेळ नोकरीतून वगळलेला मानतात. नफल, तिलावत, मोबाइलवरचं बयान यांसाठी परवानगी लागते. जुम्याला मशीद लांब असेल तर साहेबांशी आधी बोलून ती अर्धा तास भरून द्यायची बोली करून घ्यावी. बहुतेक ठिकाणी नाही म्हणत नाहीत, न सांगता गायब होणं त्यांना खटकतं.

मधले पैसे

इब्न अल-लुतबिय्या नावाच्या माणसाला जकात गोळा करायला पाठवलं होतं. परत आल्यावर तो म्हणाला, एवढं तुमचं आणि एवढं मला भेट मिळालं. प्रेषित (स.) मिंबरवर उभे राहिले आणि त्यांनी विचारलं, हा आई-बापाच्या घरी बसून राहिला असता तर त्याला ही भेट आली असती का? (बुखारी, मुस्लिम). खरेदी खात्यातला माणूस, शाळेचा गणवेश ठरवणारा मुख्याध्यापक, दिवाळीला पुरवठादाराकडून घड्याळ घेणारा इंजिनिअर, सर्वांना हा एक प्रश्न पुरतो.

गॅरेजचा मेकॅनिक गिऱ्हाइकासाठी स्पेअर पार्ट आणतो, दुकानदार त्याला शंभर-दोनशे सोडतो. गिऱ्हाइकाने "आणून दे, पैसे देतो" म्हटलं असेल तर मेकॅनिक त्याचा वकील झाला, म्हणून मिळालेली सूट गिऱ्हाइकाची. हजरत उरवा बारिकी (र.) यांना प्रेषितांनी (स.) एक दीनार देऊन बकरी आणायला सांगितलं होतं. त्यांनी एका दीनारात दोन घेतल्या, एक दीनाराला विकली, आणि बकरी व दीनार दोन्ही आणून दिलं. प्रेषितांनी त्यांच्या धंद्यात बरकतीची दुआ केली (बुखारी). मेकॅनिकला कमाई करायची असेल तर सरळ सांगावं, पार्टचे इतके आणि आणण्याची मजुरी इतकी, किंवा पार्ट स्वतः विकत घेऊन स्वतःच्या भावाने विकावा. लपवाछपवी तेवढी नको.

महिन्याला ठरलेले पैसे

"मेहुण्याच्या धंद्यात दोन लाख टाकलेत, महिन्याला चार हजार देतो." या वाक्यात नफा हा शब्द वापरला तरी हे व्याजच आहे, कारण धंदा बुडाला तरी चार हजार ठरलेले आहेत. भागीदारीत नफा टक्क्यांत ठरतो, रुपयांत ठरत नाही, आणि तोटा ज्याच्या त्याच्या भांडवलाच्या प्रमाणात बसतो. एकाचं भांडवल आणि दुसऱ्याची मेहनत असेल (मुदारबत), तर तोटा भांडवलवाल्याचा आणि मेहनत करणाऱ्याची मेहनत वाया. आधी अंदाजे रक्कम देऊन वर्षअखेरीस हिशेब करायचा असेल तर चालतं, पण तो हिशेब खरंच झाला पाहिजे.

हलाल नफ्याची पाटी लावून मोठ्या कंपन्यांनीही हेच केलं. बेंगळुरूची आय मॉनेटरी अ‍ॅडव्हायझरी जून २०१९ मध्ये कोसळली तेव्हा हजारो मुस्लिम कुटुंबांची आयुष्याची बचत अडकली. "पैसे कुठल्या धंद्यात लावता, ताळेबंद दाखवा" असं आपल्या मेहुण्याला विचारायला जसा संकोच वाटतो, तसाच तो दाढीवाल्या एजंटला विचारतानाही वाटतो. तो संकोच महाग पडला.

बापाचं दुकान

एवढं सगळं सांभाळणारी घरंही एका ठिकाणी घसरतात. घरातल्या घरात लिहून ठेवत नाहीत. कुरआनातली सर्वांत मोठी आयत (सूरह बकरा, २८२) नमाज-रोज्याबद्दल नाही, उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याबद्दल आहे. रक्कम लहान असो की मोठी, मुदतीसकट लिहा, कंटाळू नका, साक्षीदार ठेवा. रोखीच्या हातोहात सौद्याला तेवढी सूट आहे. नातेवाइकांना सूट दिलेली नाही.

समजा वडिलांचं किराणा दुकान आहे. तीन मुलगे, दोन मुली. थोरला दहावीनंतर दुकानात बसला. वीस वर्षं राबला, गल्ल्यातून लागेल तसे पैसे घेतले, पगार कधी ठरला नाही. मधला शिकून पुण्यात नोकरीला, धाकटा आखातात, मुली सासरी. वडिलांचं निधन होतं. थोरला म्हणतो, दुकान मी वाढवलं. बाकीचे म्हणतात, दुकान अब्बांचं. दोघंही खोटं बोलत नाहीत.

हनफी फिकहचं उत्तर अल्लामा इब्न आबिदीन शामी यांच्या ग्रंथात आहे: बाप आणि मुलगा एकाच धंद्यात, मुलगा बापाच्या घरात खातोपितो, त्याचं वेगळं भांडवल नाही, वेगळा करार नाही, तर सगळी कमाई बापाची. मुलगा मदतनीस धरला जातो. मग कर्ज आणि वसीयत फेडून उरलेल्याचे ६४ भाग केले तर आईला ८, प्रत्येक मुलाला १४ आणि प्रत्येक मुलीला ७. थोरल्यालाही १४च. वीस वर्षांचा वेगळा भाग नाही. कठोर वाटतं, पण न लिहिलेल्या व्यवहारात काझी दुसरं काय करणार?

उपाय वडील हयात असतानाच करायचा असतो आणि तो अवघड नाही. थोरल्याचा पगार ठरवा, बाजारात अशा कामाला जो मिळतो तो, आणि दर महिन्याला वहीत लिहा. किंवा त्याला भागीदार करा: आजच्या मालाची किंमत काढा, तुझा हिस्सा इतका टक्के, तो मेहनतीवर की भांडवलावर, हे कागदावर आणा. भारतीय भागीदारी कायदा, १९३२ प्रमाणे काहीच ठरलेलं नसेल तर भागीदारांचा नफा समान धरतात, म्हणून टक्केवारी लिहिलेली बरी. नोंदणी न केलेल्या भागीदारीला कराराच्या हक्कासाठी कोर्टात दावा लावणंही कठीण जातं. मुलाने स्वतःचे पैसे दुकानात घातले, लग्नातले, बायकोचे दागिने मोडून आलेले, तर ते कर्ज, भांडवल की भेट, हे त्याच दिवशी लिहा. दागिने सुनेचे असतील तर तिचं नाव लिहा, मुलाचं नाही.

काही वडील म्हणतात, त्यापेक्षा दुकानच थोरल्याच्या नावावर करून टाकतो. हजरत नुमान बिन बशीर (र.) यांच्या वडिलांनी एका मुलाला भेट देऊन प्रेषितांना (स.) साक्षीला बोलावलं, तेव्हा बाकीच्या मुलांनाही असंच दिलंस का असं विचारून त्यांनी साक्ष नाकारली (बुखारी, मुस्लिम). मेहनतीचा मोबदला मेहनत करणाऱ्याला देणं ही पक्षपाती भेट नाही. पण सगळं दुकान एकाला देऊन मुलींना विसरणं तशीच भेट ठरते.

आणि मुली. वारस नोंदीच्या वेळी बहिणींकडून हक्कसोड पत्रावर सही घेतली जाते. "भावाकडे हिस्सा मागितला तर माहेर तुटेल" या भीतीने त्या करतात. लाजेखातर किंवा दबावाखाली सोडलेला हक्क मनापासून सोडलेला मानत नाहीत. उलेमा सांगतात ती रीत अशी: आधी तिचा हिस्सा काढून तिच्या हातात, तिच्या खात्यात द्या. मग काही दिवसांनी तिला स्वखुशीने भावाला काही द्यायचं असेल तर तिची मर्जी. दुकान विकून वाटणी करायची नसेल तर किंमत काढून हप्त्यांनी देता येते, मात्र हप्ते तारखेसकट लिहावेत. जागा पागडीची किंवा भाड्याची असेल तर भाडेहक्क कोणाकडे जातो ते महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने ठरतं. त्यासाठी वकिलाचा सल्ला घ्यावा, आणि मालाची व उधारीची किंमत त्यापासून वेगळी काढावी, कारण ती मात्र सर्व वारसांची असते.